नव्या संगणकावर जुनी विंडोज : परवाना नेमका कशाला मुभा देतो?

काचपट्टी (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्याकडे सूक्ष्मदर्शकाला जोडायचा एक जुना कॅमेरा आहे. तो अजून ठणठणीत आहे, परंतु तो बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच गाशा गुंडाळला आणि त्याचा ड्रायव्हर (यंत्राला विंडोजशी जोडून देणारा प्रोग्राम) केवळ ३२ बिट विंडोजसाठीच उपलब्ध आहे. एका जुळवलेल्या संगणकावर ३२ बिट विंडोज १० घालून मी आजवर त्याचे काम भागवत होतो. गेल्या महिन्यात त्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला आणि नवा लॅपटॉप घ्यावा लागला. त्यावर विंडोज ११ आहे. ती फक्त ६४ बिट रूपातच निघते, आणि ६४ बिट विंडोज ३२ बिटचा ड्रायव्हर कोणत्याही परिस्थितीत चढवून घेत नाही. म्हणजे चांगला चालता कॅमेरा भंगारात काढायचा किंवा संगणक मागच्या आवृत्तीवर न्यायचा, एवढेच पर्याय मला दिसतात.

मला दुसरा पर्याय हवा आहे, पण तो रीतसर हवा आहे. क्रॅक किंवा कोणाकडून तरी मिळालेली ‘की’ (विंडोज चालू करण्याचा सांकेतिक क्रमांक) सुचवू नये, ही विनंती. नव्या यंत्राबरोबर मी ज्या परवान्याचे पैसे मोजले, तो परवाना जुन्या आवृत्तीला लागू पडतो का, आणि पडत असेल तर कोणत्या अटींवर, एवढे जाणकारांनी सांगावे.

कलमबहाद्दर

प्रश्न नेमका विचारलात, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. पण आपण एक तपशील सांगितलेला नाही आणि सारे त्यावरच अडते. लॅपटॉपवर विंडोज ११ ची होम (घरगुती) आवृत्ती आहे की प्रो (व्यावसायिक)?

कारण असे. संगणकासोबत आधीच बसवून येणाऱ्या विंडोजचा परवाना उत्पादकामार्फत मिळतो आणि त्याला बोलीभाषेत ओईएम परवाना म्हणतात. या परवान्याच्या करारात डाउनग्रेडच्या, म्हणजे जुन्या आवृत्तीवर जाण्याच्या, हक्काचे एक छोटे कलम असते, आणि ते केवळ प्रोफेशनल गटातील आवृत्त्यांसाठी असते. व्हिस्टा बिझनेस घेतलेल्यास एक्सपी प्रोफेशनल वापरता येत असे, विंडोज ७ प्रोफेशनल घेतलेल्यास व्हिस्टा बिझनेस किंवा एक्सपी प्रोफेशनल, विंडोज ८ प्रो घेतलेल्यास विंडोज ७ प्रोफेशनल किंवा व्हिस्टा बिझनेस, आणि विंडोज १० प्रो घेतलेल्यास ८.१ प्रो किंवा ७ प्रोफेशनल. होम आवृत्तीला हा हक्क यांपैकी एकाही पिढीत मिळालेला नाही.

या कलमातील आणखी एक उपवाक्य बहुतेकांच्या नजरेतून सुटते. विंडोज १० च्या करारात असे म्हटले आहे की जुनी आवृत्ती वापरण्याची मुभा मायक्रोसॉफ्ट त्या आवृत्तीला आधार (दुरुस्त्या आणि सुरक्षेची अद्ययावतने) देत असेपर्यंतच आहे. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, म्हणून विंडोज १० प्रोच्या बळावर विंडोज ७ चालवण्याची वाटही कागदोपत्री तिथेच संपली. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तेव्हा आपली आवृत्ती प्रो निघाली तरी हुरळून न जाता, सेटिंग्जमधील ‘अबाउट’ या पानावरून आपल्याला लागू असलेला करार उघडावा आणि त्यात हे उपवाक्य कसे आहे ते स्वतः वाचावे. सारे करार कंटाळवाणे असतात, याबाबत दुमत नाही. मात्र हे कलम जेमतेम चार ओळींचे आहे.

फ्लॉपीप्रेमी

व्हिस्टाचा उल्लेख आला आणि राहवले नाही. ३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा सर्वांसाठी विक्रीला आली, आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षे आमच्या कार्यालयात येणारा प्रत्येक नवा संगणक हा व्हिस्टा बिझनेसचा परवाना घेऊन येत असे आणि एक्सपीवर चालत असे. काही उत्पादक तर खोक्यात दोन्ही चकत्या देत असत. तेव्हा या हक्काची सर्वांना माहिती होती, कारण त्याची सर्वांनाच गरज होती.

ज्यांना चकती मिळत नसे त्यांना मात्र द्राविडी प्राणायाम करावा लागे. परवाना व्हिस्टाचा; पण एक्सपीची चकती आणि तिची की आपल्याकडे कायदेशीर मार्गाने आलेली असली पाहिजे, ही जबाबदारी ग्राहकाची. मग एखाद्या जुन्या संगणकाच्या चकतीवरून एक्सपी बसवायची. ती की आधीच वापरलेली असल्याने इंटरनेटवरून ॲक्टिव्हेशन (कंपनीकडून प्रतीला मिळणारी मान्यता) नाकारले जायचे. मग दूरध्वनी करून पडद्यावरचे लांबलचक आकडे गटागटाने वाचून दाखवायचे आणि पलीकडच्या व्यक्तीला ‘डाउनग्रेडचा हक्क वापरतो आहे’ हे वाक्य ऐकवायचे. ते ऐकले की पलीकडून उलट आकड्यांची माळ मिळत असे.

तांत्रिक त्रास वेगळाच. एक्सपीजवळ नव्या साटा प्रकारच्या डिस्क ओळखणारा एएचसीआय ड्रायव्हर नव्हता, त्यामुळे एफ ६ दाबून तो फ्लॉपीवरून भरवावा लागे, आणि नव्या संगणकांना फ्लॉपी कुठली? शेवटी बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) जाऊन डिस्क जुन्या आयडीई पद्धतीवर टाकायची. माझ्या या नावामागचा इतिहास एवढाच आहे.

सरळरेषा

हा सारा बाऊ कशासाठी, ते मला कळत नाही. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ होम होती. मी मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावरून विंडोज १० उतरवून घेतली, पेनड्राइव्हवरून बसवली, कोणतीही की टाकली नाही आणि ती आपोआप ॲक्टिव्हेट झाली. कंपनीच्या सर्व्हरने स्वतः मान्यता दिली असताना ते अवैध आहे असे म्हणणे म्हणजे दारवानाने आत सोडल्यावर आपणच आपल्याला बाहेर काढण्यासारखे आहे.

शून्यएक

सरळरेषा, आपण म्हणता तसे घडते, आणि ते का घडते हे सांगतो. विंडोज ८ पासून उत्पादक प्रत्येक यंत्राची की फर्मवेअरमधील (मदरबोर्डवर कायम असणाऱ्या प्रोग्राममधील) एका तक्त्यात लिहून ठेवतात. पूर्वी संगणकाच्या पोटाला चिकटवलेल्या स्टिकरवर ती छापलेली असे. आता ती मदरबोर्डवरील चिपमध्ये असते. विंडोजची प्रत बसवताना ती हा तक्ता वाचते, होम की प्रो हे त्यावरून ठरवते आणि बऱ्याचदा आवृत्ती निवडण्याचा पडदा दाखवतसुद्धा नाही. ११ ची की १० साठीही सर्व्हर स्वीकारत असल्याने पुढचे काम आपोआप उरकते.

मात्र सर्व्हर एवढेच तपासतो की ही की खरी आहे का आणि या यंत्राची आहे का. आपण करारातील कोणत्या कलमाखाली कोणती आवृत्ती चालवत आहात, हा प्रश्न त्याला कोणी विचारलेला नसतो आणि त्याचे उत्तर देण्याची त्याची क्षमताही नाही.

कलमबहाद्दर

दारवानाची उपमा चांगली आहे, तीच थोडी पुढे नेतो. दारवानाने तिकीट खरे आहे की खोटे हे पाहिले. कोणत्या रांगेतील आसनाचे आहे हे पाहिले नाही. पहिल्या रांगेत जाऊन बसल्याने ते आसन आपले होत नाही.

या विषयात तीन वस्तूंची नेहमी सरमिसळ होते : प्रत, की आणि परवाना. प्रत म्हणजे चकतीवरच्या किंवा पेनड्राइव्हवरच्या फाइली. त्या मायक्रोसॉफ्ट फुकट उतरवू देते, म्हणून त्या हाती असणे हा कशाचाच पुरावा नाही. की म्हणजे कुलूप उघडण्याची सोय. आणि परवाना म्हणजे कॉपीराइट असलेली वस्तू वापरण्यासाठी मालकाने घातलेल्या अटींसह दिलेली संमती. काचपट्टी यांचा प्रश्न या तिसऱ्या वस्तूविषयी आहे. फ्लॉपीप्रेमींच्या आठवणीतही हेच दिसते : परवाना व्हिस्टाचा, प्रत एक्सपीची, की तिसऱ्याच संगणकाची, तरीही व्यवहार चोख, कारण संमती कराराने दिलेली होती. आपल्या उदाहरणात प्रत अधिकृत आहे आणि की खरी आहे, पण होमच्या करारात तशी संमती नाही. कोणी आपल्या घरी तपासणीला येईल असे मी म्हणत नाही. विचारणाऱ्याने ‘रीतसर’ हा शब्द वापरला म्हणून त्याचा अर्थ सांगतो आहे.

सरळरेषा

फरक कळला. पटला असे म्हणणार नाही, कारण एकाच कंपनीची एकच वस्तू प्रो असेल तर मागे नेता येते आणि होम असेल तर नाही, यात व्यापारापलीकडे कोणतेही कारण मला दिसत नाही. पण कळला.

काचपट्टी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. पाहिले, लॅपटॉपवर होमच आहे. स्टोअरमधून प्रोचा अपग्रेड विकत घेतला तर हा हक्क मिळेल का?

कलमबहाद्दर

पैसे खर्च करण्यापूर्वी विचारलेत हे बरे झाले. कलमाची सुरुवात पाहा : उत्पादकाकडून किंवा जुळणी करून देणाऱ्याकडून घेतलेल्या यंत्रावर प्रोफेशनल आवृत्ती आधीपासून बसवलेली असेल तर, असे ते सुरू होते. आपले यंत्र होमसह आले. नंतर घेतलेला अपग्रेड ही ‘आधीपासून बसवलेली’ आवृत्ती ठरत नाही, म्हणून त्या मार्गाने हा हक्क येतो असे मला वाटत नाही.

आता उलट बाजूने विचार करू. आपल्या जळालेल्या संगणकावर विंडोज १० होती आणि तो जुळवलेला होता असे आपण लिहिले आहे. ती विंडोज आपण कशी घेतली होती? तिचे खोके, कार्ड, पावती असे काही आहे का?

धूळपाटी

थोडे विषयांतर वाटेल, पण प्रश्न याच जातीचा आहे. आमच्या संस्थेत दहा नवे संगणक आले, सगळे विंडोज ११ होमचे. कोणीतरी स्वस्त म्हणून मागवले. आता व्हॉल्यूम लायसन्स (अनेक संगणकांसाठीचा एकत्रित परवाना) घेऊन सगळ्यांवर एकसारखी विंडोज १० घालता येईल, असे पुरवठादार म्हणतो. हे बरोबर आहे का?

शून्यएक

अर्धेच बरोबर आहे. व्हॉल्यूम लायसन्समध्ये मागील आवृत्त्या वापरण्याची मुभा खूपच सैल असते, हे खरे. पण डेस्कटॉप विंडोजचे व्हॉल्यूम लायसन्स हे मुळात अपग्रेडचे लायसन्स असते. ते ज्या यंत्रावर लावायचे तिथे आधी पात्र ठरणारा परवाना असावा लागतो, आणि होम त्या यादीत नाही. म्हणजे होमवर थेट व्हॉल्यूम लायसन्स चढवले तर पायाच नसलेली भिंत उभी राहते. पुरवठादाराला हे माहीत नसेल तर आश्चर्य, आणि माहीत असेल तर अधिकच आश्चर्य. पुढच्या खरेदीत मागणीपत्रावरच प्रो असे लिहावे.

काचपट्टी (धागाकर्ता)

कपाट उपसले. विंडोज १० प्रोचे खोके सापडले. आत पेनड्राइव्ह आहे, की छापलेले कार्ड आहे आणि पावतीही आहे. तो संगणक जुळवून घेताना मी ती स्वतंत्रपणे विकत घेतली होती, हे मी साफ विसरलो होतो.

कलमबहाद्दर

मग आपला प्रश्न डाउनग्रेडचा उरलाच नाही. स्वतंत्रपणे घेतलेला, म्हणजे रिटेल परवाना यंत्राला बांधलेला नसतो. विंडोज १० च्या करारानुसार तो आपल्याच मालकीच्या दुसऱ्या यंत्रावर नेता येतो; अट एवढीच की आधीच्या यंत्रावरून ती प्रत काढून टाकलेली असावी. आपला जुना मदरबोर्ड जळाला असला तरी त्याची डिस्क शाबूत असेल, ती पुसून टाकावी म्हणजे शंकेला जागा राहणार नाही. रिटेल खोक्यात ३२ आणि ६४ बिट अशा दोन्ही प्रती असतात आणि की दोन्हींना चालते. एका वेळी त्यांपैकी एकच वापरायची.

शिवाय आधार संपल्यामुळे डाउनग्रेडचा हक्क जसा आटतो तसे इथे होत नाही. या परवान्याला आधाराच्या तारखेची मुदत नाही. सुरक्षेचे अद्ययावतन मिळणार नाही ही जोखीम आहे, परवानाभंग नाही.

जाता जाता, याच कलमात कंसात एक वाक्य आहे : स्वतंत्रपणे घेतलेल्या जुन्या विंडोजवरून अपग्रेड केलेली प्रतही अशीच हलवता येते. २९ जुलै २०१६ पर्यंतच्या मोफत अपग्रेडचा लाभ ज्यांनी रिटेल विंडोज ७ वरून घेतला, त्यांना ते वाक्य लागू पडते. व्यवहारात मात्र सप्टेंबर २०२३ पासून विंडोज ७ आणि ८ च्या की टाकून नवी प्रत ॲक्टिव्हेट करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने बंद केली आहे. हक्क आहे, पण कुलूप उघडत नाही. सरळरेषांच्या उदाहरणाच्या अगदी उलट.

शून्यएक

आनंदावर विरजण घालतो, क्षमस्व. परवाना मिळाला, पण ती ३२ बिट विंडोज या लॅपटॉपवर सुरूच होणार नाही अशी दाट शक्यता आहे.

संगणक सुरू करणारे यूईएफआय फर्मवेअर आणि विंडोज यांची बिटसंख्या जुळावी लागते. आजच्या लॅपटॉपचे फर्मवेअर ६४ बिट असते. ते ३२ बिट विंडोजला थेट सुरू करू शकत नाही. पूर्वी यातून पळवाट होती : फर्मवेअरमध्ये सीएसएम नावाची एक सोय असे, जी जुन्या बायोसचे सोंग घेई, आणि त्या मार्गाने ३२ बिट विंडोज किंवा विंडोज ७ सुरू करता येत असे. २०२० पर्यंत ही सोय काढून टाकण्याचा इरादा इंटेलने २०१७ मध्येच जाहीर केला होता, आणि अलीकडच्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा सापडत नाही. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ असा शब्द कुठे दिसतो का ते एकदा पाहावे.

विंडोज ७ चा मोह कोणाला होत असेल तर तेही सांगून टाकतो. तिच्या मूळ चकतीत यूएसबी ३ चे ड्रायव्हर नाहीत, त्यामुळे नव्या यंत्रावर तिच्या पहिल्या पडद्यावरच माऊस आणि कीबोर्ड मरून पडतात. एनव्हीएमई ही नव्या प्रकारची वेगवान डिस्क तिला मुळात दिसत नाही, त्यासाठी वेगळी दुरुस्ती प्रतीत आधी मिसळावी लागते. आणि एवढे करून ती चाललीच, तरी इंटेलच्या सातव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरवर विंडोज अपडेट तिला दारात उभे करत नव्हते.

फ्लॉपीप्रेमी

म्हणजे वीस वर्षांत फ्लॉपी गेली, पण एफ ६ ची वेदना कायम राहिली.

लोणीसंगणक

मॅक वापरणाऱ्यांसाठी एक ओळ : तिथे परवान्यापर्यंत विषय जातच नाही, कारण यंत्र ज्या आवृत्तीसह बाजारात आले तिच्या मागची आवृत्ती त्यावर चालतच नाही. लिनक्सवाल्यांना परवान्याची अडचण नाही. जुन्या कर्नेलला (प्रणालीच्या गाभ्याला) नवे वाय-फाय ओळखू येत नाही, ही अडचण असते.

काचपट्टी (धागाकर्ता)

सीएसएम नाही. फर्मवेअरची सगळी पाने चाळली, सिक्युअर बूट (मान्यताप्राप्त प्रणालीच सुरू होऊ देणारी सुरक्षा) बंद करण्याची सोय तेवढी आहे.

शून्यएक

ती सोय कृपया घाईने वापरू नका. नव्या विंडोज ११ मध्ये डिस्कचे एन्क्रिप्शन अनेकदा आपल्या नकळत चालू झालेले असते, आणि सिक्युअर बूटमध्ये बदल केल्यावर पुढच्या वेळी ती ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झाली आहे का हे आधी पाहावे.

आपल्या कामासाठी मी वेगळा मार्ग सुचवीन. लॅपटॉपवरील विंडोज ११ ला हातच लावू नये. तिच्यात व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक) तयार करावी आणि त्या मशीनमध्ये ३२ बिट विंडोज १० बसवावी. व्हर्च्युअल मशीनला जुन्या बायोसचे रूप देता येते, त्यामुळे फर्मवेअरची अडचण उरत नाही. त्यासाठीचे मायक्रोसॉफ्टचे साधन हायपर-व्ही होममध्ये मिळत नाही, आणि मिळाले असते तरी यूएसबी कॅमेरा थेट आत सोपवण्याची सोय त्यात नाही. व्हर्च्युअलबॉक्स या तशाच दुसऱ्या साधनात ती आहे. आवृत्ती ७ पासून यूएसबी २ आणि ३ चे नियंत्रक त्याच्या मूळ मुक्त पॅकेजातच आले आहेत. पूर्वी त्यासाठी जे एक्स्टेन्शन पॅक लागे, त्याचा परवाना वैयक्तिक आणि शैक्षणिक वापरापुरताच मोफत आहे आणि कार्यालयात तो घालणारे या अटीकडे सर्रास काणाडोळा करतात. विषय परवान्याचा आहे म्हणून सांगितले.

काचपट्टी (धागाकर्ता)

व्हर्च्युअल मशीन म्हणजे ‘दुसरे यंत्र’ धरायचे का? लॅपटॉपचा होमचा परवाना त्यासाठी पुरेल की खोक्यातला लागेल?

कलमबहाद्दर

खोक्यातलाच लागेल. करारात स्पष्ट म्हटले आहे की एक परवाना म्हणजे एका यंत्रावर एक प्रत, मग ते यंत्र प्रत्यक्षातले असो वा आभासी. लॅपटॉपचा होमचा परवाना लॅपटॉपवर खर्ची पडला आहे. आभासी यंत्रासाठी स्वतंत्र परवाना हवा, आणि तो सुदैवाने आपल्या कपाटात होता.

विंडोज ७ प्रोफेशनलमध्ये ‘एक्सपी मोड’ नावाने एक्सपीची आभासी प्रत परवान्यासकट दिली जात असे. तशी उदारता पुढच्या आवृत्त्यांत राहिली नाही.

काचपट्टी (धागाकर्ता)

काम झाले. जुनी डिस्क पुसली, व्हर्च्युअल मशीनला ३ जीबी मेमरी दिली, खोक्यातील पेनड्राइव्हवरून ३२ बिट प्रत बसवली आणि कार्डावरची की टाकली. ॲक्टिव्हेशन झाल्यावर, सुरक्षेचे अद्ययावतन मिळणार नसल्याने, मशीनचे नेटवर्क तोडून टाकले. कॅमेरा आधी विंडोज ११ च धरून ठेवत होती. व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्याच्या नावाचा यूएसबी फिल्टर केल्यावर तो थेट आत दिसू लागला आणि जुन्या ड्रायव्हरने त्याला ओळखले. हलते चित्र थोडे अडखळते, स्थिर छायाचित्रे पूर्वीइतकीच स्वच्छ येतात. मला स्थिरच लागतात.

खोके आता कपाटात वरच्या खणात, पावतीसकट ठेवले आहे.

सरळरेषा

माझ्या लॅपटॉपवर मी पुन्हा ११ घातली. की फर्मवेअरमध्येच होती, विचारलीसुद्धा नाही.